सकाळी उठल्यापासून सांगा

१२ जुलै, शनिवार

निवड झाली. दोनशेच्या वर अर्ज होते, घेतले दहा. त्या दहात अर्शी जिलानी शेख, एमबीबीएस तिसरं वर्ष, मुक्काम नांदेडचं हॉस्टेल, गाव अर्धापूर. स्वतःचं नाव स्वतःच लिहून राहिले, कारण आज अंगावर मूठभर मांस चढलंय आणि ते कुठंतरी उतरवायला पाहिजे.

योजना भूलतज्ज्ञांच्या संघटनेची आहे. ते दरवर्षी दहा विद्यार्थी स्कॉलर म्हणून घेतात, प्रत्येकाला एक मार्गदर्शक आणि एक छोटा अभ्यास देतात. डिसेंबरात लातूरच्या अधिवेशनात तो सगळ्यांपुढं मांडायचा. त्यानंतर दहातले पाचच पुढं ठेवतात. त्या पाचांना वर्षभर मार्गदर्शकाच्या शेजारी ऑपरेशन थिएटरात उभं राहून शिकायला मिळतं. मला त्या पाचांत यायचंय. कॉलेजात कुणाला बोलले नाही, पण इथं लिहून ठेवते.

माझ्या मार्गदर्शक डॉ. मंजुषा मॅडम, लातूरच्या. पन्नाशीच्या असतील, आवाज बारीक, हसत अजिबात नाहीत. आज लातुरात भेटल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती डायरीची. "पेशंट ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत लिही. रोज नको. जिथं चुकशील त्या दिवशी नक्की लिही. मी वाचायला मागणार नाही." घरी आमचं दखनी चालतं, पण आता अम्मी-अब्बांचं बोलणंही इथं मराठीतच उतरवणार. येताना स्टँडवर सगळ्यात पातळ वही घेतली. चुकांसाठीच लिहायचं तर एवढी पानं पुरून उरतील.

१५ जुलै, मंगळवार

अभ्यासाचा विषय आला. खरं सांगायचं तर माझं तोंड उतरलं. मला वाटलं होतं हृदय, मेंदू, असलं काही भारी देतील. मिळालं काय, तर ऑपरेशनला येणाऱ्या पेशंटचं पोट खरंच रिकामं असतं का ते बघ.

कारण मला माहीत आहे. भूल दिली की माणसाला खोकता येत नाही, गिळता येत नाही. पोटात काही असलं आणि ते उलटून वर आलं, तर सरळ फुप्फुसात जातं. म्हणून जेवण, दूध, दुधाचा चहा सगळं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी. एवढं तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता येईल.

एका बैठकीत फॉर्म तयार केला. नाव, गाव, वय, ऑपरेशन, आणि खाली "उपाशी आहात का? हो / नाही". मॅडमना फोनवर पाठवला. त्यांनी विचारलं, "एवढाच प्रश्न?" म्हटलं, हो मॅडम, सुटसुटीत केलाय. म्हणाल्या, "बरं." पहिल्याच फटक्यात मंजूर.

२१ जुलै, सोमवार

नांदेडातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात माझी सोय लावलीय. कॉलेज सुरू व्हायच्या आधी, सकाळी सात ते नऊ, वॉर्डात जायचं आणि त्या दिवशीच्या ऑपरेशनच्या पेशंटना विचारायचं. तिथले भूलतज्ज्ञ डॉ. संगमेश सर, माणूस चांगला, कायम घाईत. पेशंटला वॉर्डातून थिएटरात नेण्याचं काम ग्यानोबामामांकडं. सत्तावीस वर्षं ते स्ट्रेचर ढकलून राहिलेत.

आज सहा पेशंट केले. सहाही उपाशी. वीस मिनिटांत आवरलं. ग्यानोबामामा म्हणाले, "लई लौकर झालं बाई तुमचं." मी म्हटलं, मामा, सवय लागते हाताला. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि स्ट्रेचर पुढं ढकललं. कौतुक करायची त्यांची रीत अशीच असावी.

४ ऑगस्ट, सोमवार

एकेचाळीस झाले. एकेचाळीसपैकी एकेचाळीस उपाशी. शंभर टक्के. माझ्या वाट्याला आलेला दवाखाना मराठवाड्यात एक नंबर निघणार असं दिसतंय, आणि ते जगाला सांगणार मी.

लोक शिस्तीचे आहेत इथले, उगाच नावं ठेवतात. आज एका आजोबांना विचारलं, उपाशी आहात ना? म्हणाले, "आज सोमवार हाय, शावनातला. तसा बी उपासच." म्हटलं वा, दुहेरी काम झालं. त्यांच्या खाटेखाली टोपलीत केळीची सालं दिसली, आमच्या अर्धापूरचीच असणार. नातेवाईक मंडळी मजेत खाऊन राहिली आणि आजोबा बिचारे निर्जळी. अम्मीला फोनवर सांगितलं. रोजे ठेवणारी माणसं आम्ही, उपास काय ते आम्हाला कळतं. अम्मी म्हणाली, थुंकी गिळायलाही जीव कचरतो बेटा, त्यांनाही तसंच होत असेल.

११ ऑगस्ट, सोमवार, सकाळी आठ

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते. आजचा शेवटचा फॉर्म त्रेपन्नावा, सिंधुमावशीचा. बिलोलीकडची, पित्ताशयात खडे. ऑपरेशनला घाबरलेली, म्हणून मला सोडेचना. तिच्या नवऱ्यानं बाहेरून चहा आणला होता. मावशी म्हणाली, "माझी लेक तुमच्याच वयाची हाय, घ्या बाई दोन घोट, तुमी बी सकाळधरनं उपाशीच असाल." नको म्हटलं तर रुसली. तिच्या बशीतून दोन घोट घेतले, उरलेला तिनं संपवला. मग हात धरून म्हणाली, "आता भ्या वाटंना." अशा पेशंटमुळं डॉक्टर व्हावंसं वाटतं. फॉर्मवर "हो" वर खूण केली आणि निघाले. वर्गातली मुलं म्हणतात मी कोरडी आहे. त्यांनी हे बघायला पाहिजे होतं.

तोच दिवस, संध्याकाळ

सिंधुमावशीला भूल देताना टेबलावरच उलटी झाली. पांढरी, दुधाची.

मी दाराशी उभी होते. संगमेश सरांनी क्षणात डोकं खाली केलं, मान वळवली, नळी घातली, सक्शन लावलं. कुणी ओरडलं नाही. पण यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत चालला होता आणि मी नुसती बघत होते. मग तो सावकाश वर आला. ऑपरेशन रद्द केलं. मावशी आयसीयूत आहे.

सर बाहेर आले आणि म्हणाले, "फॉर्मवर उपाशी लिहिलंय. कुणी विचारलं होतं?" मी म्हटलं, मी. ते हात धुवायला गेले. त्या बशीतला चहा मीसुद्धा प्यायला होता.

१३ ऑगस्ट, बुधवार

मावशी वाचली. आज नाकातला ऑक्सिजन काढला, खोकते आहे पण बोलते. तिच्यापुढं उभं राहायची हिंमत होत नव्हती, तरी गेले. विचारलं, मावशी, मी उपाशी का म्हणून विचारलं तेव्हा हो का म्हणालात? ती चक्रावून माझ्याकडं बघत राहिली. "उपाशीच हुते की बाई. च्या तेवढा घेतला, तो तर तुमी बी घेतला." त्यात खोटेपणाचा लवलेशही नव्हता. मला माझी लाज वाटली.

बाहेर ग्यानोबामामा भेटले. म्हणाले, "च्याला खाणं कोण म्हणतंय बाई? इथं येनारा निम्मा माणूस च्या पिऊन येतोय. आन् शावनात तर शाबूची खिचडी, केळं, दानं. उपासाचं म्हणल्यावर ते बी खाण्यात धरीत न्हाईत." मी भडकले. सत्तावीस वर्षं माहीत आहे तर मला का नाही सांगितलं? मामा शांतपणे म्हणाले, "तुमी इचारलं न्हाई. मी म्हणलो ना, लई लौकर झालं तुमचं." मग स्ट्रेचर घेऊन गेले. मी त्यांच्यावर ओरडले तेही चूकच झालं. माफी मागायला पाहिजे.

त्या सोमवारच्या आजोबांच्या खाटेखालची केळीची सालं आठवली. त्यांना काही झालं नाही, हे त्यांचं नशीब.

१७ ऑगस्ट, रविवार, अर्धापूर

घरी आले. अब्बांच्या दुकानात बसले. अब्बा पाण्याच्या मोटरींचं वाइंडिंग करतात. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. इथल्या केळीच्या बागांच्या निम्म्या मोटरी त्यांच्या हातून गेल्यात. मी लहानपणापासून दुकानात बसायला नाक मुरडत आलेय. आज घरात अम्मीपुढं रडावं लागलं असतं म्हणून तिथं बसले.

एक शेतकरी मोटर घेऊन आला. म्हणाला, "कायबी केलं न्हाई, आपोआप बंद पडली." मोटर पाण्याविना कोरडी चालवली का, असं अब्बांनी विचारलंच नाही. चहा सांगितला आणि म्हणाले, "काल सकाळी उठल्यापासून सांगा बरं. उठलात, मग?" तो सांगत गेला. उठलो, म्हशीला पाणी पाजलं, बटन दाबलं, मग पाहुणे आले, मग त्यांना बागेत नेलं. "पाहुणे किती वेळ होते?" दोन घंटे. विहिरीत पाणी किती होतं? तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, तळाला गेलं होतं. अब्बा हसले नाहीत. मोटर ठेवून घेतली आणि गुरुवारी या म्हणाले.

तो गेल्यावर मी विचारलं, त्याला सरळ का नाही विचारलं? अब्बा म्हणाले, "सरळ विचारलं की माणूस सरळ नाही म्हणतो, बेटा. खोटं नाही बोलत तो. त्याच्या मते त्यानं काही केलंच नाही. त्याला फक्त दिवस सांगू द्यायचा. चूक कुठं झाली ते आपल्याला कळतं." आणि तार गुंडाळत बसले.

मी तिथंच सगळं सांगितलं. बशीतल्या दोन घोटांसकट. अब्बा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मग आता त्या मॅडमना सांग. आज सांग." दुसरं काही नाही. मला वाटलं होतं निदान पाठीवर हात ठेवतील. पण त्यांनी हातातलं काम टाकून माझा फोन स्वतःच चार्जिंगला लावला आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले, कुणी गिऱ्हाईक आत येऊ नये म्हणून असेल.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "फॉर्म सगळे आहेत?" म्हटलं, हो, त्रेपन्न, सगळे चुकीचे, फाडून टाकते. "फाडलेस तर माझ्याकडं येऊ नकोस. एकेक मला पाठव. तुझ्याच अक्षरातले हवेत." फोन ठेवला. माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करून राहिल्या असणार. पाचात यायचं विसरावं आता.

२५ ऑगस्ट, सोमवार

मॅडमच्या परवानगीनं नवीन सुरुवात. आता प्रत्येकाला दोन्ही प्रकारे विचारायचं. आधी जुना प्रश्न, उपाशी आहात का. मग बाजूला बसायचं आणि म्हणायचं, सकाळी उठल्यापासून काय काय केलं, क्रमानं सांगा. पोटात काही गेल्याचं निघालं की फॉर्म भरायच्या आधी संगमेश सरांना सांगायचं, मग ते ऑपरेशन पुढं ढकलायचं की नाही ते ठरवतील. आज चार पेशंटना दीड तास लागला. ग्यानोबामामांनी माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं. मी माफी मागितली तर म्हणाले, "कशाबद्दल?" आणि खरंच विसरल्यासारखं तोंड केलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

एकशे वीस पेशंट पूर्ण. जुन्या प्रश्नाला एकशे तेरा जण उपाशी होते. त्यातल्या सव्वीस जणांच्या पोटात सहा तासांच्या आत काहीतरी गेलं होतं. सतरा जणांच्या पोटात चहा, पाच जणांच्या पोटात उपासाचं, चार जणांनी बीपीची गोळी दुधाबरोबर घेतलेली. एकही जण खोटं बोलला नव्हता. सगळ्यांनी आपणहून, हसत, सकाळ सांगितली. सव्वीसच्या सव्वीस सुखरूप घरी गेले. हा आकडा मी तीनदा मोजला, कारण मोजताना बरं वाटून राहिलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

अधिवेशनात काय मांडायचं ते लिहायला घेतलंय. शुक्रवारी संगमेश सरांना दाखवलं. त्यांना आवडलं. मग म्हणाले, "पहिला महिना काढून टाक. त्रेपन्न फॉर्म, तो चहा, ती उलटी. नंतरचे आकडेच पुरेसे आहेत. पाचात यायचंय ना? दोनशे डॉक्टरांपुढं कोण आपल्या अंगावर ओढवून घेतं?" वाईट हेतूनं नाही म्हणाले, माझ्या काळजीनंच म्हणाले.

दोन दिवस विचार करून राहिले. काढलं तर खोटं काही होत नाही. अभ्यास उलट नीटनेटका दिसतो. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "अभ्यास तुझा आहे, तूच ठरव," आणि वर आणखी, "तुझे त्रेपन्न फॉर्म माझ्या टेबलावरच आहेत." ही धमकी होती की काय, कळेना. मला राग आला. माणसानं एकदा काय ते सरळ बोलावं ना.

पण रागारागात का होईना, एक गोष्ट सुचली. सिंधुमावशीचा फॉर्म काढला, तर बाकी राहतं ते फक्त पेशंट कसे चुकतात एवढंच. आणि पेशंट तर चुकलेच नव्हते. ठेवायचा. पहिलंच पान तोच. पाचात नाही आले तर नाही आले.

१३ डिसेंबर, शनिवार, लातूर

झालं. सगळं क्रमानं लिहिते.

अब्बा आले होते. दुकान बंद ठेवून, ईदचा शर्ट घालून, सगळ्यात मागच्या रांगेत. मी चौथी होते. पडद्यावर पहिल्यांदा आला सिंधुमावशीचा फॉर्म, नाव झाकलेला, माझ्या अक्षरात. मी म्हटलं, "ही खूण माझी आहे. ही खूण केली त्याच्या पाच मिनिटं आधी या पेशंटनं माझ्यासमोर चहा घेतला होता, आणि त्यातले दोन घोट मी घेतले होते." संगमेश सर खाली बघत होते. पुढचं सगळं पाठ होतं. पाठ नसतं तरी सांगितलं असतं.

शेवटी प्रश्न. पहिल्या रांगेतले एक म्हातारे डॉक्टर उठले. मला वाटलं, आता आपली पूजा होणार. ते म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षं मी ‘काही खाल्लंय का’ असंच विचारत आलोय. किती जणांना तसंच टेबलावर घेतलं असेल, आता मोजताही येत नाही." आणि बसले. दुसऱ्या कुणीतरी विचारलं, असं विचारायची पद्धत कुठल्या पुस्तकातून घेतली? मी म्हटलं, "पुस्तकातून नाही. माझे अब्बा अर्धापूरला मोटर वाइंडिंग करतात. गिऱ्हाइकाला ते असंच विचारतात. ते मागं बसलेत." दोनशे डॉक्टर मान वळवून मागं बघायला लागले. अब्बा उभे राहिले, काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना सलाम केला आणि बसले. मला आयुष्यात एवढं मोठं कधी वाटलं नव्हतं. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि माझा ऊर अब्बांमुळं भरून आला होता.

दुपारी पाच नावं वाचली. पहिल्या क्रमांकाचं बक्षीस दुसऱ्याला गेलं, गेलं तर गेलं. चौथं नाव माझं. मंजुषा मॅडमनी कागद हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "त्रेपन्न फॉर्म मी फाइलला लावलेत. पुढच्या वर्षीच्या दहा जणांना पहिल्या दिवशी तेच दाखवणार." अजूनही शिक्षा संपलेली नाही माझी. पण त्या वेळी त्यांचे डोळे ओले होते, एसीमुळं असतील.

जेवणाच्या वेळी अब्बा सापडेनात. शोधलं तर ते म्हातारे डॉक्टर त्यांना शेतातल्या मोटरीची तक्रार सांगत होते, आणि अब्बा म्हणत होते, "काल सकाळी उठल्यापासून सांगा बरं, डॉक्टरसाहेब."

२२ डिसेंबर, सोमवार

ट्रस्टच्या दवाखान्यात अजून जाते, आता सवयीनं. आज देगलूरकडचे गुरुपादप्पा, पासष्ट वर्षांचे, हर्नियाचं ऑपरेशन. उपाशी का? हाव, कडक उपाशी. मग बाजूला बसले आणि सकाळ विचारली. अंधारात उठलो, आंघोळ केली, देवळात गेलो, गुरवानं परसाद दिला, जीपमध्ये बसलो. परसाद कसला? शिरा. किती? म्हातारबांनी ओंजळ दाखवली. दोन ओंजळी.

संगमेश सरांनी ऑपरेशन उद्यावर टाकलं आणि ते घरच्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांचा मुलगा रामलिंग जो तापला, वॉर्डातल्या बायका दारात जमल्या. "पहाटं चारला जीप करून आलो, आता म्हणता उद्या या. देवाचा परसाद तुमी पोटात मोजता व्हय? येवढा शाना डॉक्टर कुटं बघितला न्हाई. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात असलं इचारत न्हाईत, तुमालाच लई हौस हाय का?"

सहा महिन्यांपूर्वी मी त्यांना दोन शब्द जास्त सुनावले असते. आज मला अजिबात राग आला नाही. एखादीला बक्षीस मिळाल्यावर वाटत असेल तसं वाटून राहिलं होतं. म्हातारबा खाटेवर बसून शांतपणे आमच्याकडं बघत होते. त्यांचा श्वास सरळ चालला होता.

मी म्हटलं, "हाव भाऊ, मलाच हाय." आणि त्यांच्या वडिलांची फाइल उद्याच्या यादीत पहिल्या नंबरावर नेऊन ठेवली.